हायड्रॉलिक क्लच : आधी गळती शोधा, मग हवा काढा

नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत क्लचचं पेडल अचानक मऊ पडलं आणि पहिला गिअर पडेनासा झाला, की सल्ला दोनच प्रकारचा मिळतो. एक, ‘क्लच प्लेट गेली’. दोन, ‘एअर धरलीय, काढून देतो’. पहिलं निदान पुष्कळदा घाईचं असतं आणि दुसरं अर्धवट. हायड्रॉलिक क्लच ही बंद यंत्रणा आहे, तिच्यात हवा आपोआप शिरत नाही. कुठून तरी तेल बाहेर गेलेलं असतं, नाहीतर क्लचच्या तेलाच्या टाकीतली पातळी खाली गेलेली असते, नाहीतर जुनं तेल तापून आतच वाफ झालेली असते. कारण न शोधता हवा काढली, तर पेडल आठवडाभर चांगलं लागतं आणि पुन्हा पहिल्यासारखं होतं. म्हणून या लेखातला बराच भाग दोष शोधण्यावर आहे. हवा काढणं हे त्यामानाने सोपं काम आहे.

गाडीत नेमकं काय आहे

सगळ्या गाड्यांचा क्लच तेलावर चालत नाही. अल्टो, वॅगनआर यांसारख्या छोट्या गाड्यांत वर्षानुवर्षं केबल आहे. तिथे हवा काढायचा प्रश्नच येत नाही, केबल ताणायची किंवा बदलायची. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाचे क्रेट वाहणारी बोलेरो, तशीच स्कॉर्पिओ आणि इनोव्हा या हायड्रॉलिकवाल्या. खात्री करायची असेल तर पेडलच्या दांडीमागे, इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यावर बघा. तिथून काळी जाड केबल निघत असेल तर केबल क्लच. छोटा सिलेंडर आणि त्यातून धातूचा किंवा प्लास्टिकचा पाइप निघत असेल तर हायड्रॉलिक.

पेडल दाबलं की दांडी मास्टर सिलेंडरमधला पिस्टन ढकलते. गॅरेजात याला अप्पर म्हणतात. तेल पाइपातून खाली गिअरबॉक्सजवळच्या स्लेव्ह सिलेंडरमध्ये, म्हणजे लोअरमध्ये, जातं. तिथला पिस्टन क्लचचा फोर्क ढकलतो, फोर्क रिलीज बेअरिंगला रेटतो, बेअरिंग प्रेशर प्लेटच्या पाकळ्या दाबतं आणि क्लच प्लेट मोकळी होते. काही गाड्यांत, उदाहरणार्थ फोर्ड इकोस्पोर्टमध्ये, स्लेव्ह आणि बेअरिंग एकत्र करून गिअरबॉक्सच्या शाफ्टभोवती, घंटेच्या आकाराच्या कव्हरच्या आत बसवलेलं असतं. लोअर बाहेर असेल तर तो अर्ध्या तासात बदलता येतो. आत असेल तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणजे खर्च कित्येक पट. आपल्या गाडीत कोणता आहे, हे कोणतंही काम सांगण्याआधी माहीत असलं पाहिजे.

थोडा हिशेब करू, म्हणजे एवढीशी हवा एवढा त्रास का देते ते कळेल. मास्टर सिलेंडरचा व्यास साधारण १६ मिमी आणि पिस्टनचा प्रवास ३० मिमी धरला, तर पूर्ण पेडलमागे जेमतेम ६ मिली तेल खाली सरकतं. त्यात १ मिली हवा अडकलेली असेल तर दाब आल्यावर ती आक्रसून जवळजवळ नाहीशी होते, आणि तेवढं तेल स्लेव्हपर्यंत पोचतच नाही. सहावा हिस्सा प्रवास गेला. फोर्क १२ मिमी सरकायच्या जागी १० मिमी सरकला की प्लेट पुरती सुटत नाही आणि गिअर कुरकुरायला लागतो.

पेडल काय सांगतं

इंजिन बंद करून सगळे गिअर टाकून बघा. बंद इंजिनवर सगळे अलगद पडतात आणि चालू इंजिनवर पहिला व रिव्हर्स अडतात, तर क्लच पूर्ण सुटत नाहीये. बंद इंजिनवरही अडत असतील तर दोष गिअर लिव्हरच्या जोडणीत किंवा गिअरबॉक्सात आहे. मग क्लचच्या तेलाला हात लावू नका.

यानंतरची चाचणी सगळ्यात बोलकी. पेडल पटापट सहा-सात वेळा मारा. पेडल हळूहळू वर यायला लागलं, घट्ट झालं आणि गिअर पडला, तर आत हवा आहे. आता पेडल दाबून तसंच धरून ठेवा, अर्धा-एक मिनिट. पायाखालून ते सावकाश खाली सरकत असेल तर तेल कुठेतरी निसटतंय. बाहेर कुठेही ओल दिसत नसेल तर मास्टरच्या आतला रबर कप झिजलाय आणि तेल पिस्टनला वळसा घालून परत टाकीत जातंय. पातळी कमी होत नाही, थेंब दिसत नाही आणि हवा काढूनही काही फरक पडत नाही. अशी गाडी दोन-तीन गॅरेजं फिरून येते, कारण गळती डोळ्याला दिसत नाही. पेडल धरून बघितलं असतं तर मिनिटभरात कळलं असतं.

पेडल घट्ट आहे, प्रवास पुरेसा आहे, तरी गिअर कुरकुरतो? मग एकाला पेडल दाबायला सांगा आणि खाली स्लेव्हची दांडी किती सरकते ते पट्टीने मोजा. बाहेरच्या स्लेव्हला बहुतेक गाड्यांत १० ते १५ मिमीच्या आसपास प्रवास असतो, नेमका आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतो. दांडी पुरेशी सरकतेय आणि तरी क्लच सुटत नाही, तर दोष आत आहे. प्लेट वाकलेली, पाकळ्या झिजलेल्या, फोर्क वाकलेला किंवा पायलट बेअरिंग (गिअरबॉक्सच्या शाफ्टचं टोक ज्यात फिरतं ते) जाम झालेलं. तिथे लिटरभर तेल ओतून काढलं तरी उपयोग नाही.

पेडल वर यायला वेळ लागतो आणि क्लच उशिरा पकडतो, हे लक्षण वेगळं. इथे दाब अडकून राहतो. क्लच पकडत नसताना खालचा निपल, म्हणजे स्लेव्हवरचा हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, क्षणभर सैल करा. तेल चिळकांडीसारखं आलं आणि लगेच क्लच पकडला, तर एक म्हणजे रबरी होज आतून फुगून बंद झालाय, किंवा वरच्या दांडीला फट न ठेवता ती लांब केलीय. फट नसली की पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि टाकीकडे परतायचं बारीक भोक झाकलेलंच राहतं. पेडलला बोटाने जाणवेल इतका मोकळा खेळ हवा. बहुतेक गाड्यांत तो पेडलच्या टोकाशी ५ ते १५ मिमी असतो.

आणि क्लच घसरणं, म्हणजे ॲक्सिलरेटर दाबला की इंजिनचा आवाज चढतो पण गाडी त्या मानाने पळत नाही. वर सांगितलेल्या अडकलेल्या दाबाचा अपवाद वगळता हा दोष तेलाचा नाही, झिजलेल्या प्लेटचा आहे. घसरणाऱ्या क्लचची हवा काढून देतो म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

एक खास नाशिककरांसाठी. सकाळी पेडल उत्तम, पण कसारा घाटात ट्रकच्या मागे अर्ध्या क्लचवर सरकत वर आलात किंवा नांदुरीहून सप्तशृंगी गडावर गर्दीच्या दिवशी चढलात की पेडल मऊ, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा ठीक. हे जुन्या तेलाचं लक्षण. क्लचमध्येही ब्रेक ऑइलच असतं, आणि ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रतीच्या नव्या तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सियस असतो. साडेतीन-चार टक्के पाणी मुरलं की तो १५५ अंशांपर्यंत घसरतो. सतत घासणाऱ्या प्लेटची उष्णता कव्हरच्या आतल्या स्लेव्हपर्यंत पोचते, तेलातल्या पाण्याची वाफ होते आणि वाफ हवेसारखीच आक्रसते. गार झाली की पुन्हा पाणी. म्हणून गॅरेजात नेईपर्यंत दोष नाहीसा झालेला असतो. उपाय एकच, तेल पूर्ण बदलणं. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यात रोज फिरणाऱ्या गाडीला तर दर दोन वर्षांनी हे करावंच.

गळती कुठे बघायची

पहिली जागा केबिनच्या आत आहे आणि तीच सगळ्यात जास्त चुकते. ड्रायव्हरच्या पायापाशी वाकून, टॉर्च लावून, पेडलच्या दांडीवरून बोट फिरवा. मास्टरचं मागचं सील गेलं असेल तर दांडी ओली लागते आणि तेल ओघळून मॅटखालच्या कार्पेटमध्ये मुरतं. बोनेट उघडून कितीही शोधलं तरी ते सापडणार नाही.

दुसरी, स्लेव्हवरचं रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारं आवरण. त्याची कड नखाने किंचित उचला. आत दमट असणं चालतं, थेंब ओघळला तर सील गेलं. तिसरी, पाइपाचे जोड आणि होज. होजवर बारीक भेगा दिसल्या किंवा कुणीतरी पेडल दाबताना होज बोटांना फुगल्यासारखा वाटला तर तो बदला. चौथी, स्लेव्ह आत असलेल्या गाड्यांत इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्याच्या तळाशी दिसणारा थेंब.

मात्र त्या तळाशी इंजिन ऑइल आणि गिअर ऑइलही टपकू शकतं. ओळखायची रीत अशी : ब्रेक ऑइल पातळ असतं, बोटावर घेऊन पाणी टाकलं की धुऊन जातं. इंजिन ऑइल पाण्याने जात नाही. गिअर ऑइल दाट असतं आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो.

टाकीही नीट बघा. पुष्कळ गाड्यांत ब्रेक आणि क्लचची टाकी एकच असते आणि क्लचकडे जाणारी नळी टाकीच्या बाजूला, थोड्या उंचीवर लावलेली असते. क्लच गळला तरी ब्रेकसाठी तळाशी तेल उरावं, असा त्यामागचा विचार आहे. म्हणूनच पातळी थोडी खाली आली की क्लच आधी हवा ओढतो आणि ब्रेक व्यवस्थित लागत राहतात. याची दुसरी बाजू अशी की झिजलेल्या ब्रेक पॅडमुळे टाकीची पातळी उतरली, तरी हवा क्लचमध्ये जाऊ शकते. कुठेच गळती सापडत नसेल तर पॅडची जाडी बघा.

तेल काळं पडलं असेल तर रबर झिजून त्याची पूड मिसळतेय. अशा वेळी फक्त रबर किट टाकायचं की पूर्ण सिलेंडर? पिस्टन काढून सिलेंडरची आतली बाजू उजेडात धरा. आरशासारखी गुळगुळीत असेल तर किट पुरेल. नखाला खड्डा किंवा ओरखडा लागला तर सिलेंडरच बदला, नवं रबर त्या ओरखड्यावर महिनाभरही टिकत नाही. आमच्या मते लोअर बाहेर असलेल्या जुन्या गाडीत अप्पर आणि लोअर दोन्ही एकदमच बदलावेत. दोघांचं वय सारखं असतं, एक नवा झाला की वाढलेला दाब दुसऱ्याच्या थकलेल्या सीलवर येतो.

सामान

- टाकीच्या झाकणावर लिहिलेल्या प्रतीचं ब्रेक ऑइल, बहुधा डॉट ३ किंवा डॉट ४. अर्ध्या लिटरची सीलबंद बाटली पुरते.
- निपलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, आतला व्यास ५ ते ६ मिमी, लांबी मीटरभर. मत्स्यालयाच्या दुकानात मिळते ती चालते.
- रिंग पाना. निपल गाडीप्रमाणे ८, १०, ११ मिमीचा असतो. फिक्स पान्याने निपलचे कोपरे गोल होतात, तो वापरू नका.
- पाण्याची रिकामी पारदर्शक बाटली, मोठी सिरिंज, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, फडकी, हातमोजे, चष्मा.
- गाडी उचलावी लागत असेल तर जॅकशिवाय दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड) आणि चाकांना लावायला दगड.

डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं तेल असतं, ते चुकूनही नको. डॉट ५.१ हे नावाने जवळचं असलं तरी डॉट ४ च्याच कुळातलं आहे. घरात मागच्या पावसाळ्यापासून अर्धवट उघडी पडलेली बाटली असेल तर तिचा विचार सोडा. इंजिन ऑइल, पॉवर स्टीअरिंगचं तेल, डिझेल, रॉकेल यांतलं काही टाकीत गेलं तर यंत्रणेतली सगळी रबरं फुगतात आणि सामाईक टाकी असेल तर ब्रेकचीही. सुटे भाग धुवायचे तेही नव्या ब्रेक ऑइलनेच.

हे तेल रंग खातं. फेंडरवर जाड कापड टाका आणि बादलीभर पाणी जवळ ठेवा. सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता.

हवा काढणे : दोन माणसांची पद्धत

काम सपाट जागी, गार इंजिनवर. हँडब्रेक ओढा, चाकांना दगड लावा. खाली जायचं असेल तर गाडी घोड्यांवर टेकलीय याची खात्री करा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरू नये.

१. टाकीच्या झाकणाभोवतीची धूळ पुसा, मगच झाकण उघडा. सिरिंजने जुनं तेल जितकं निघेल तितकं काढा, पण सामाईक टाकीत ब्रेकच्या भोकांपर्यंत उतरू नका. नवं तेल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि झाकण नुसतं वर ठेवा.

२. निपलवरची रबरी टोपी काढा, ब्रशने चिखल साफ करा आणि आट्यांवर स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. निपल सुटत नसेल तर जोर लावण्याआधी पान्यावर हलके ठोके द्या आणि पुन्हा स्प्रे मारा. निपल तुटला की स्लेव्हच बदलावा लागतो.

३. आधी रिंग पाना निपलवर घाला, मग नळी चढवा. उलट केलंत तर पाना घालायला नळी परत काढावी लागेल. नळी आधी थोडी वर नेऊन मग बाटलीत सोडा. बाटलीत दोन बोटं नवं तेल असू द्या आणि नळीचं टोक त्यात बुडलेलं ठेवा. बुडबुडे त्यामुळे दिसतात आणि परत आत ओढले जात नाहीत.

४. वरच्या माणसाने पेडल सावकाश तळापर्यंत दाबायचं, धरायचं आणि ‘दाबलं’ म्हणायचं. खालच्याने निपल पाव ते अर्धा फेरा उघडायचा. तेल आणि बुडबुडे येतील, पेडल अजून खाली जाईल. प्रवाह थांबण्याआधी निपल बंद करायचा आणि ‘सोड’ म्हणायचं.

५. ‘सोड’ ऐकल्याशिवाय पेडलवरून पाय हलवायचा नाही. निपल उघडा असताना पेडल वर आलं की सगळी मेहनत वाया, कारण हवा खालून आत ओढली जाते. नवशिक्यांचं काम बहुतेक इथेच फसतं.

६. पेडल सावकाश वर येऊ द्या आणि दोन-तीन सेकंद थांबा, म्हणजे टाकीतलं तेल खाली उतरेल. पूर्ण रिकाम्या यंत्रणेत पेडल आपणहून वर येत नाही, तळाशीच पडून राहतं. ते बिघडलेलं नाही, हाताने किंवा पायाच्या बोटाने वर उचलत राहा.

७. दर पाच फेऱ्यांनी टाकी बघा आणि भरा. पातळी एकदा भोकाखाली गेली की पहिल्यापासून सुरुवात.

प्रत्येक फेरीत थोडंच तेल येतं, म्हणून वीस-पंचवीस फेऱ्या लागल्या तर घाबरू नका. बुडबुडे थांबून नळीत स्वच्छ, फिकट तेल आलं की आणखी चार-पाच फेऱ्या करा. साधारण १०० ते १५० मिली तेल बाहेर पडलं म्हणजे पाइपातलं जुनं तेलही निघालं. निपल घट्ट करताना मनगटाचा जोर पुरे, दंडाचा नको. आकडाच हवा असेल तर ८ ते १० न्यूटन मीटरच्या आसपास. नळी काढा, टोपी बसवा, सगळं पाण्याने धुवा.

पेडल जोरजोरात मारत बसू नका. आत स्लेव्ह असलेल्या गाड्यांत त्याने सीलला इजा होते, शिवाय हवेचे बारीक फेस होतात आणि ते लवकर वर येत नाहीत.

हवा निघतच नाही तेव्हा

क्लचच्या पाइपाची रचना अशी असते की काही गाड्यांत तो वर चढून पुन्हा खाली येतो. त्या कमानीत बुडबुडा अडकला की वरून तेल ढकलून तो खाली उतरत नाही, कारण हवेला वर जायचं असतं. तिथे उलटी पद्धत कामी येते. टाकीतलं तेल निम्म्याहून कमी करा, ५० मिलीच्या सिरिंजमध्ये नवं तेल भरा, नळीतली हवा आधी बाहेर दाबून काढा, निपलवर लावा, निपल उघडा आणि सावकाश तेल वर ढकला. टाकीत बुडबुडे फुटताना दिसतात. दुसऱ्याने टाकीवर डोळा ठेवावा, ती भरून वाहिली तर रंग जातो. जुनं, काळं तेल खालून वर ढकलू नका. घाण मास्टरच्या बारीक भोकात जाऊन बसते. म्हणून आधी साध्या पद्धतीने तेल स्वच्छ करा, मग उलटी पद्धत.

स्लेव्ह बाहेर असेल तर आणखी एक युक्ती, आणि आम्ही तिला पहिला मान देतो. पाइप न सोडता स्लेव्हचे दोन बोल्ट काढून तो हातात घ्या, निपलची बाजू वर येईल असा धरा आणि निपल बंद ठेवून त्याची दांडी हाताने हळूहळू आत दाबा. आतली हवा पाइपातून वर टाकीत जाते. दांडी सोडा, पुन्हा दाबा. पाच-सहा वेळांत पेडल घट्ट होतं. या वेळी कुणीही पेडलला पाय लावू नये. समोर फोर्क नसल्याने पिस्टन सिलेंडरमधून बाहेर निघतो.

नवा मास्टर कोरडा बसवला असेल तर हवा त्याच्यातच अडकलेली असते. तो बसवण्याआधी टेबलावर पक्कडीत धरून, तेल भरून, दांडी हळू दाबत त्याची हवा काढा. गाडीवर बसवून झाला असेल तर वरचा पाइपाचा जोड फडक्याने झाकून किंचित सैल करा, पेडल दाबा, जोड घट्ट करा, मग पेडल सोडा. दोन-तीनदा केलं की पुरतं.

एकटे असाल तर तेल आपल्याच वजनाने खाली उतरू देऊनही काम होतं. टाकी भरा, निपल उघडा आणि तेल थेंबथेंब टपकू द्या, पंधरा-वीस मिनिटं, मधून मधून टाकी भरत. संथ आहे, पण कमानीचा पाइप नसेल तर चांगलं चालतं. व्हॅक्यूम पंप लावला तर मात्र बुडबुडे संपतच नाहीत असं वाटेल. ती हवा निपलच्या आट्यांतून शिरते, यंत्रणेतून येत नाही. आट्यांना थोडं ग्रीस लावून बघा, टोकाच्या निमुळत्या भागाला लागू देऊ नका.

एवढं करूनही पेडल मऊ असेल तर होज आणि मास्टरवर संशय घ्या. मास्टरचा कप बघायला पेडल धरून ठेवण्याची चाचणी पुन्हा करा.

काम झाल्यावर

इंजिन बंद ठेवून पेडल जोराने दाबून अर्धा मिनिट धरा. दुसऱ्याने प्रत्येक जोड, निपल आणि बूट कोरड्या पांढऱ्या फडक्याने पुसून बघावा. मग इंजिन सुरू करा, हँडब्रेक ओढलेला, पेडल पूर्ण खाली, तीन सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. रिव्हर्सच का? कारण बऱ्याच गिअरबॉक्सात पुढच्या गिअरना सिंक्रो (गिअर पडताना वेग जुळवून देणारा भाग) असतो, रिव्हर्सला नसतो. क्लच पूर्ण सुटत नसेल तर पुढचे गिअर ते लपवतात, रिव्हर्स कर्र करून सांगतो. आवाज न करता पडला तर काम चोख.

सामाईक टाकी असेल तर निघण्याआधी ब्रेक पेडलही दाबून बघा. ते मऊ लागलं तर ब्रेकमध्येही हवा गेलीय, त्याची हवा काढेपर्यंत गाडी फाटकाबाहेर काढू नका. पहिली चक्कर घराजवळ घ्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल आणि पातळी पुन्हा बघा, आणि आठवड्याने आणखी एकदा. पातळीची खूण टाकीवर मार्करने करून ठेवली तर अंदाजपंचे राहत नाही.

रस्त्यात, समजा पेठ रोडला किंवा चांदवडच्या राहुड घाटात पेडल तळाला गेलं, तर गाडी डाव्या कडेला घ्या आणि पेडल भराभर मारून बघा. दोन-चार गिअर पडण्याइतकं ते वर येतं. टाकी रिकामी असेल तर योग्य ब्रेक ऑइल टाका. पाणी किंवा साबणाचं पाणी टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, गंज आणि फुगलेलं रबर नंतर भरपूर महागात पडतं. इंजिन बंद करून पहिल्या गिअरमध्ये स्टार्टरने गाडी उचलता येते, पण ते सपाट, मोकळ्या रस्त्यावर सर्व्हिस रोडला जाण्यापुरतं. घाटात टोइंगच बोलवा.

काढलेलं तेल गटारात किंवा नाल्यात ओतू नका, शहरातले नाले शेवटी गोदावरीलाच मिळतात. झाकणाच्या बाटलीत भरून, वर नाव लिहून, वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या गॅरेजात द्या. इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका, वेगळंच द्या. पाण्याच्या बाटलीत भरलं असेल तर ती मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा, कारण ते विषारी आहे आणि दिसायला सरबतासारखं.